शेजारच्या बंबाचा धूर: नानांना सांगावं कसं?

रोजकीर्द (वाई)
८ जानेवारी, रात्री १०:४०

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसतं वाचते, लिहिते आज पहिल्यांदा. लांबण लागणार आहे, आधीच सांगते.

आमचं घर वाईतल्या जुन्या आळीत. घर म्हणजे वाड्याच्या वाटण्या होऊन आमच्या वाट्याला आलेल्या खाली दोन आणि वर दोन खोल्या. मधल्या भिंतीपलीकडे नाना राहतात, माझे चुलत सासरे. वाटणीचा दावा नऊ वर्षं चालला. निकाल लागल्यावरही दोन वर्षं अबोला होता. गेल्या गौरी-गणपतीत नानांच्या घरून हळदीकुंकवाचं बोलावणं आलं आणि बोलणं सुरू झालं. हे मुद्दाम सांगते, कारण सगळी अडचण तिथेच आहे.

नानांकडे बंब आहे. तांब्याचा, पंचवीस लिटरचा. आजेसासऱ्यांनी पुण्याच्या तांबट आळीतून आणलेला, वर घराण्याचं नाव ठोकलेलं. वाटणीत बंब त्यांच्याकडे गेला, धूर आमच्याकडे आला. तो ठेवलाय मागच्या मोरीशेजारी, आणि त्याच्या बरोबर सहा-सात फूट वर आमच्या वरच्या खोलीची खिडकी. त्या खोलीत माझा मुलगा झोपतो. दुसरीत आहे. दिवाळीपासून होळीपर्यंत त्याचा कोरडा खोकला जात नाही, स्पेसर लावून पंप द्यावा लागतो.

नाना पहाटे साडेपाचला बंब पेटवतात. खिडकी घट्ट लावली तरी कौलांच्या फटींतून धूर यायचा तो येतोच. साडेपाच ते सात मी पदर नाकाला लावून स्वयंपाक करते. सासूबाईंना विचारलं तर म्हणतात, "आम्ही जन्मभर चुलीपुढे बसलो, काय झालं आम्हाला?" आणि एवढं बोलता बोलता त्यांना दोनदा थांबून खोकावं लागतं. मागच्या वर्षी डॉक्टरांनी त्यांना नळीत फुंकायला लावलं आणि विचारलं, "आजी, बिडी ओढत होता का?" तो प्रश्न त्यांना इतका लागला की डॉक्टरच बदलावा लागला.

मी पतसंस्थेत रोजकीर्द लिहिते. त्यामुळे सवयच अशी की नोंद नसेल तर खरं वाटत नाही. पुण्याच्या दिरांनी नवं यंत्र घेतलं आणि हवा मोजायचं जुनं मीटर आम्हाला दिलं. मुलाच्या खोलीत, खिडकी बंद ठेवून, मी दहा दिवस आकडे वहीत उतरवले. पीएम २.५ चे, म्हणजे हवेतल्या अतिबारीक कणांचे आहेत. परवाच्या सोमवारचे देते: ५:१५ ला ६२. ५:४५ ला ३१०. ६:०० ला ४८०. ७:१५ ला १४०. साडेनऊला, ऊन कौलावर आल्यावर, ४८. बाकीच्या दिवशीही आकड्यांची उतरंड अशीच. रविवारी नानांची लेक-नातवंडं येतात, बंब दोनदा पेटतो, आणि रविवारची पानं बघवत नाहीत.

अजून एक. धुराचा वास रोज सारखा नसतो. काही दिवशी साधा लाकडाचा असतो, तो एक वेळ सहन होतो (लहानपणी आजोळी हाच वास मला आवडायचा, खोटं कशाला बोलू). पण काही दिवशी डोळे चरचरतात आणि नवीन कपाट उघडल्यासारखा वास येतो. मी गच्चीवरून वाकून पाहिलं. नानांच्या मोरीत एक पोतं आहे, बायपासकडच्या फर्निचरवाल्याकडून आणलेलं. त्यात प्लायवूडचे तुकडे, सनमायकाच्या चिंधोट्या आणि त्या प्लास्टिकच्या कडेच्या पट्ट्या. फुकट मिळतं म्हणून.

माझे प्रश्न असे:

हे आकडे खरंच घाबरण्यासारखे आहेत का, की मीच उगाच मीटर घेऊन बसले आहे? बंबाचा धूर कमी करायचा काही उपाय आहे का, बंब न काढता? कारण बंब काढा असं मी म्हणू शकत नाही. नाना पंचाहत्तरीचे आहेत, गिझरच्या पाण्याने अंघोळ केली की अंगाला खाज सुटते म्हणतात, आणि गेल्या वर्षी विजेचं बिल आलं तेव्हा त्यांनी ते आळीभर दाखवलं होतं.

आणि सगळ्यात अवघड: सांगू कसं? मी सून. यजमान म्हणतात, "तू त्यात पडू नकोस, पुन्हा दावा लागेल."

---

सडेतोड (पुणे ३०)
८ जानेवारी, रात्री ११:०५

एवढं महाभारत कशाला? उपद्रव आहे, तक्रार करा. प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज द्यायचा. पूर्वी सीआरपीसी १३३ होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२. सार्वजनिक उपद्रव दूर करायचा आदेश काढता येतो. नात्यागोत्यात धूर गिळत बसायचं आणि मग इथे येऊन विचारायचं, याला अर्थ नाही. मुलगा आजारी आहे ना? मग लाज कसली?

---

रोजकीर्द (वाई)
८ जानेवारी, रात्री ११:२०

दादा, कलम ठाऊक झालं, आभारी आहे. पण नऊ वर्षं तारखा पाहिलेल्या घरात मी पुन्हा "अर्ज" हा शब्द काढला तर आधी माझ्याच घरात भांडण पेटेल.

---

बॉयलरवाले आप्पा (कराड)
९ जानेवारी, सकाळी ६:५०

सूनबाई, तुमचं लिखाण वाचलं आणि चहा गार झाला. मी साखर कारखान्यात एकतीस वर्षं बॉयलरवर होतो. धुराकडे बघून आत काय चाललंय ते सांगायची आमची भाकरी. तेव्हा बंबापुरतं मी बोलू शकतो. सासू-सासऱ्यांपुरतं नाही.

पहिली गोष्ट. लाकूड जळतं असं आपण म्हणतो, पण जाळ लाकडाचा नसतो. लाकूड तापलं की त्यातून वायू निघतो. वजनाच्या सत्तर-ऐंशी टक्के भाग असा वायू होऊन बाहेर पडतो आणि तो पेटला तर जाळ. तो पुरता जळायला सहाशे अंशांच्या आसपास उष्णता पाहिजे, हवा पाहिजे आणि थोडा वेळ पाहिजे. यातलं एक जरी कमी पडलं तर तोच वायू न जळता बाहेर येतो. तो धूर. म्हणजे धूर हे वाया गेलेलं सरपणच.

आता आमच्या कारखान्यात बगॅस जळतं, म्हणजे रस काढून उरलेली उसाची चिपाडं. त्यात निम्मं पाणी असतं, पन्नास टक्के. तरी जळतं, कारण भट्टीच्या विटा लालभडक असतात आणि हवा गरम करून आत सोडलेली असते. बंबाचं उलटं आहे. मधलं नळकांडं तांब्याचं, आणि तांब्याच्या पलीकडे गार पाणी. जाळ त्या गार भिंतीला टेकला की विझतो. म्हणून बंब पेटवल्यावर पहिला अर्धा तास सगळ्यात वाईट, आणि पाणी तापत आलं की धूर पातळ होतो. तुमच्या वहीत सहाला ४८० आणि सव्वासातला १४० आहे ना, ते हेच.

दुसरी गोष्ट, हिशोबाची, तुम्हाला आवडेल. पंचवीस लिटर पाणी वीस अंशांवरून साठवर न्यायला उष्णता लागते सव्वा युनिटच्या आतबाहेर. कोरड्या लाकडाच्या एका किलोत चार युनिटं उष्णता असते. म्हणजे सगळी कामी आली तर पाव किलोच्या थोडं वर लाकूड पुरे. नाना किती घालतात ते बघा. दोन किलो तर सहज जात असेल. उरलेलं कुठे गेलं? थोडं नळकांड्यातून गरम हवा होऊन वर, आणि थोडं तुमच्या खिडकीत.

तिसरी, उपायाची.

सरपण वाळलेलं हवं. ढलप्या काढून, आडोशाला, वारं लागेल असं किमान दोन उन्हाळी महिने. दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या की खणखण वाजलं पाहिजे, थप असा आवाज आला तर अजून ओली आहे. ओल्या लाकडाची काही ताकद स्वतःचं पाणी उडवण्यातच जाते.

जाळीखालची राख रोज काढायची. बहुतेक घरी ती आठ-आठ दिवस तशीच. खालून हवा आली नाही तर वरून फुंकून काय होणार?

आणि नळकांडं गच्च भरायचं नाही. लोक काय करतात, खाली कागद पेटवतात, वरून तोंडापर्यंत लाकूड कोंबतात आणि दात घासायला जातात. खालच्या जाळावर गार लाकडाचं झाकण पडतं आणि मग जो निघतो तो पांढरा-पिवळा धूर. तळाशी अंगठ्याएवढ्या चार काटक्या, चांगला जाळ धरू द्यायचा, मग एकेक ढलपी. उभं राहावं लागतं. पंचाहत्तरीच्या माणसाला थंडीत जाळापाशी उभं राहायला काही वाईट वाटत नसतं, मी पण उभा राहतो.

वर पत्र्याचा आठ-दहा फुटी पाईप बसवता येतो. ओढ वाढते, जाळ बरा होतो आणि धूर तुमच्या कौलाच्या वरून जातो. पण मग पलीकडच्या माडीवाल्यांची सूनबाई इथे धागा काढेल, एवढं लक्षात ठेवा.

प्लायवूड मात्र आजच्या आज बंद. तिथे हिशोब नको, पद्धत नको. प्लायवूड, एमडीएफ म्हणजे लाकूड आणि डिंक, आणि तो डिंक फॉर्माल्डिहाइडचा. कडेची पट्टी बहुधा पीव्हीसीची असते. ती जळली की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते, ती तुमच्या डोळ्यांना लागते आणि नानांच्या तांब्यालाही. हा मुद्दा नानांपुढे मांडायला बरा: "नाना, बंबाला भोकं पडतील." माणूस स्वतःच्या छातीची काळजी करत नाही, बंबाची करतो.

---

फुंकनळी (पुणे)
९ जानेवारी, दुपारी २:१५

मी छातीच्या दवाखान्यात त्या नळीत फुंकायला लावणाऱ्यांपैकी एक. म्हणजे तुमच्या सासूबाईंना ज्याचा राग आला ते काम माझं.

आधी आकड्यांचं. आपल्याकडचं पीएम २.५ चं प्रमाण आहे घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, पण ते चोवीस तासांच्या सरासरीसाठी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेलं चोवीस तासांचं प्रमाण १५ आहे. सहा वाजताचा ४८० थेट ६० शी ताडून पाहू नका, दिवसभराची सरासरी काढा. शिवाय ही स्वस्त मीटरं प्रकाशाच्या विखुरण्यावरून कण मोजतात. दाट धुकं असलं, हवेत दमटपणा जास्त असला की पाण्याने फुगलेले कणही मोजतात आणि आकडा वाढवून सांगतात. कृष्णेवर धुकं असेल त्या दिवशीचे आकडे जरा हात राखून वाचा. तरीपण ६२ वरून पाऊण तासात ४८० हे धुक्याचं काम नाही. तुम्ही उगाच मीटर घेऊन बसलेल्या नाही आहात.

सासूबाईंबद्दल. डॉक्टरांनी बिडीचं विचारलं कारण पूर्वी सीओपीडी (श्वासनळ्या हळूहळू अरुंद होत जाण्याचा जुनाट आजार) म्हटलं की विडी-सिगारेट, असंच सगळे शिकलेले. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात कधीही धूम्रपान न केलेल्यांच्या सीओपीडीवर सविस्तर लिहिलं. त्यात चुलीचा धूर हे मोठं कारण म्हणून पुढे येतं. माझ्यासमोर रोज अशा मावश्या बसतात. प्रश्न बदलून विचारला तर उत्तर लगेच मिळतं: "मावशी, किती वर्षं चुलीवर केलंत?" मग त्या राग न येता, उलट जरा अभिमानानेच, सांगतात. चाळीस. पंचेचाळीस.

मुलाचा पंप डॉक्टरांना न विचारता बंद करू नका, खोकला थांबला तरी. आणि जमत असेल तर थंडीपुरता त्याला खालच्या, रस्त्याच्या बाजूच्या खोलीत झोपवा. बंब सुधारेल तेव्हा सुधारेल.

---

चुडताची मोळी (संगमेश्वर)
९ जानेवारी, रात्री ९:३०

मी आशा सेविका आहे. बंबाचा एवढा ऊहापोह बघून गंमत वाटली. आमच्या वाडीत न्हाणीतली चूल, पडवीतली चूल, आणि घरातल्या चुलीला वैल. म्हणजे तीन ठिकाणी धूर.

उज्ज्वलाचं कनेक्शन आहे बहुतेक घरी. योजना १ मे २०१६ ला सुरू झाली, आमच्याकडे पुढच्या वर्षी शेगड्या आल्या. त्यावर चहा होतो, पाहुणे आले की पोहे होतात. भात, कालवण आणि अंघोळीचं पाणी चुलीवरच. का, तर चुडतं, सोडणं, करवंट्या, काजूच्या फांद्या परड्यात पडलेल्या असतात, त्याला पैसे कोण मोजतो? सिलिंडरला मोजायचे. मी घरोघर जाऊन धुराचं सांगते, जगात वर्षाला ३२ लाख माणसं घरातल्या धुराने जातात असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा अंदाज आहे तेही सांगते. ३२ लाख म्हटलं की बाया नुसतं "अगो बाई" म्हणतात. पण "गरोदर सुनेला न्हाणीच्या चुलीपुढे बसवू नको" म्हटलं की ऐकतात. आकड्यापेक्षा माणूस दाखवावा लागतो, म्हणून म्हणते, नानांना वही दाखवू नका. नातू दाखवा.

बिनधुराच्या चुली आमच्याकडे पण येऊन गेल्या. सरकारचा कार्यक्रम १९८३ सालचा. माझ्या सासूने बसवून घेतली होती, सिमेंटचा पाईप कौलाबाहेर काढलेला. पाईप काजळीने तुंबला, साफ कुणी केला नाही, धूर पुन्हा घरात. सासऱ्यांनी पाईप काढून टाकला आणि तिथे आता भोपळ्याचा वेल चढतो.

धुराची बाजूही ऐका जरा. आमच्या माळ्यावरचं बियाणं धुरामुळे टिकायचं. काळे झालेले वासे साठ वर्षं उभे आहेत. गॅस आला, घरातली चूल बाहेर गेली, आणि चार वर्षांत भुंग्याने वाशांचं पीठ पाडलं. हे मी प्रशिक्षणाला गेले तेव्हा बोलले तर सगळे हसले. पण बाया चूल सोडत नाहीत त्याला असली कारणं असतात, नुसतं अडाणीपण नसतं.

आणि ताई, एक विचारू? मीटर तुम्ही पहाटे लावता. दिवेलागणीला लावून बघितलंत का? तुमच्या घरात धूप घालतात का?

---

काळी शेगडी (क्राइस्टचर्च)
१० जानेवारी, पहाटे ४:१० (तुमच्याकडचे)

मूळचा साताऱ्याचा, अठरा वर्षं न्यूझीलंडमध्ये. मी या गोष्टीतला नाना आहे.

क्राइस्टचर्चचं नाव काढलं की लोकांना स्वच्छ हवा, मेंढ्या, डोंगर आठवतात. जुलैतल्या शांत रात्री इथे येऊन बघा. दक्षिणेला पोर्ट हिल्स, बाकी सपाट मैदान, आकाश निरभ्र, वारा नाही. जमिनीलगतची हवा गार होऊन खाली बसते, वर तिच्यापेक्षा उबदार हवेचं झाकण, आणि मध्ये सगळ्या गावाच्या शेगड्यांचा धूर. वाईलाही डोंगरांची वाटीच आहे. लहानपणी पहाटेच्या एसटीने यायचो तेव्हा ढोल्या गणपतीच्या देवळाच्या मागे निळी आडवी पट्टी दिसायची. ती सुंदर वाटायची. ती बंबांची होती हे चाळिशीत कळलं.

इथे कारखाने, गाड्या हे सगळं आहे, पण हिवाळ्यातल्या कणांचा सगळ्यात मोठा वाटा घरोघरच्या लाकडाच्या शेगड्यांचा. म्हणून नियम आले. उघड्या फायरप्लेसवर हिवाळ्यात बंदी. २००५ पासून देशभर शहरी घरात नवीन शेगडी बसवायची तर किलोभर लाकडामागे दीड ग्रॅमपेक्षा जास्त कण सोडायचे नाहीत आणि कार्यक्षमता किमान ६५ टक्के, हे पास व्हावं लागतं. २०११ च्या भूकंपात विटांच्या जुन्या चिमण्या हजारोंनी पडल्या, अनेकांनी त्या जागी हीट पंप लावले.

मी मात्र हौसेने शेगडी घेतली. काचेच्या दारामागे जाळ, हातात चहा, फोटो काढून साताऱ्याला पाठवायचे. रात्री झोपताना हवेची खटकी पूर्ण बंद करायचो, म्हणजे लाकूड सकाळपर्यंत धुमसत राहील आणि घर उबदार. आप्पांनी लिहिलंय ते वाचून मान खाली गेली: हवा कोंडली की वायू जळत नाही. रात्रभर माझ्या चिमणीतून तोच निघत होता. शेजारच्या बाईंनी काही न बोलता कुठेतरी कळवलं आणि मला पत्र आलं. पत्र सभ्य होतं. लाकूड कोरडं आहे का, हवा बंद करता का, एवढंच विचारलेलं. मला इतका राग आला की दोन महिने मी त्यांना हात केला नाही.

मग एकदा त्या स्वतःच ओलावा मोजायचं यंत्र घेऊन आल्या. दोन सुया लाकडात टोचायच्या, आकडा येतो. इथले चांगले वखारवाले पंचवीस टक्क्यांच्या आत ओलावा असलेलं लाकूड विकतात. माझ्या ढिगात टोचलं तर अडतीस. मी पाइन स्वस्तात, तोडल्या तोडल्या घेतलेलं. यंत्र खोटं बोलतंय असं म्हणायची सोय राहिली नाही, कारण टोचलं मीच होतं.

तेव्हा सडेतोड साहेब, पत्राने मी सुधारलो नाही, नुसता चिडलो. सुयांनी सुधारलो. ताई, मीटर नानांच्या हातात देऊन बघा.

---

सडेतोड (पुणे ३०)
१० जानेवारी, सकाळी ८:००

पत्र आलं नसतं तर बाई सुया घेऊन आल्या असत्या का? बघा विचार करून.

---

रोजकीर्द (वाई)
१९ जानेवारी, रात्री १०:१५

उत्तर द्यायला उशीर झाला. आधी संक्रांत, मग पतसंस्थेची तपासणी.

तिळगूळ द्यायला मी मुलाला घेऊन नानांकडे गेले. वही नेली नाही, मीटर नेलं. काय बोलायचं ते चार रात्री घोकलं होतं, आणि तिथे गेल्यावर सगळं विसरले. मुलगाच बोलला. "आजोबा, हे बघा, हे हवा मोजतं, तुमच्या बंबापाशी ठेवू?" नाना म्हणाले, ठेव. बंब विझलेला होता, आकडा ५० च्या आसपास. नाना म्हणाले, "मग चांगलंय की." मी म्हटलं, "नाना, पहाटे बघू या का?"

दुसऱ्या दिवशी साडेपाचला मी शाल गुंडाळून त्यांच्या मोरीत. नानांनी नेहमीसारखा बंब भरला. तळाशी कागद, वर प्लायवूड, वर ढलप्या, तोंडापर्यंत. मीटर ९९९ वर गेलं आणि तिथेच थांबलं, त्यापुढे त्याला मोजता येत नाही. नाना चष्मा लावून बघत राहिले. मग म्हणाले, "बिघडलंय." मी काही बोलले नाही. मीटर घेऊन त्यांनी स्वतः पुढच्या दारापर्यंत नेलं, आकडा उतरला, परत आणलं, चढला. तीनदा असं केलं. चौथ्या खेपेला त्यांनी विचारलं, "पोराच्या खोलीत किती दाखवतं?"

मी सांगितलं. नाना बराच वेळ बंबाकडे बघत होते. मला वाटलं आता वाटणीचं निघणार. निघालं पण वेगळंच. म्हणाले, "तुझी सासू या घरात आली तेव्हा हा बंब तिनं घासायचा. चिंच-मीठ लावून, दर शनिवारी. तिला सांग, अजून लकाकतो." सासूबाईंना मी निरोप दिला. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि रात्री जेवताना आपणहून म्हणाल्या, "तोटीजवळ घासायला जुनी चिंच लागते, नवीन चालत नाही, सांग त्यांना."

आप्पांचा भोकं पडण्याचा मुद्दा मी राखून ठेवला होता. तो काढल्यावर प्लायवूडचं पोतं त्याच दिवशी फर्निचरवाल्याकडे परत गेलं. राख रोज निघते. नळकांडं अजून जरा जास्तच भरतात. म्हणतात, माझं आयुष्य यात गेलं, तुझा कारखानेवाला काय सांगतो? पण रविवारी पाहिलं, स्टूल घेऊन बंबापाशी बसले होते आणि एकेक ढलपी घालत होते. ढलप्या एकमेकींवर आपटून बघत होते.

वहीतले आकडे: १६ तारखेला सहाला २६०. १७ ला ३४० (धुकं होतं, फुंकनळीताई, हात राखून लिहिलंय). १८ ला १९०. आज १५०. चांगले नाहीत, पण डोळे चरचरत नाहीत. मुलगा खाली झोपतो, खोकला आहे, कमी आहे असं मला वाटतं, पण ते वहीत लिहिण्याइतकं पक्कं नाही.

मीटर आता नानांकडेच आहे. ते परत मागायची माझी हिंमत नाही. रोज सहाला भिंतीपलीकडून हाक येते, "सूनबाई, एकशे ऐंशी!" आणि आळीतली दोन म्हातारी माणसं परवा तो खेळ बघायला आली होती. त्यांच्याकडेही बंब आहेत.

संगमेश्वरच्या ताई, तुमचं विचारणं डोक्यात राहिलं होतं. मीटर नानांकडे जायच्या आधी एकदा मी ते दिवेलागणीला देवघरात ठेवलं. सासूबाई निखाऱ्यावर ऊद-धूप घालतात, सगळ्या खोल्यांतून फिरवतात, नातवाच्या डोक्यावरून दोनदा जास्त. आकडा ६१० आला.

नानांना सांगणं सोपं होतं असं आता वाटतंय. यासाठी वेगळा धागा काढते.